सीट अठ्ठावन्न

२ सप्टेंबर

मापाच्या जुन्या वहीची शेवटची चाळीस पानं कोरी राहिली होती. त्यांवर लिहितो आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं आहे: गिऱ्हाईक, लांबी, खांदा, छाती, कंबर, सीट, बाही. त्याच्या खाली जागा भरपूर आहे.

वहिनीने तिकीट पाठवलं. अठ्ठावीस तारखेचं. सलग चौदा तास. दादा परदेशी गेल्याला सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून तो बोलावतो आहे आणि मी कामाचं कारण सांगतो आहे. या वेळी दोघांनी विचारलंच नाही. दादा फोनवर म्हणाला, "गब्दू, आता तुझी सुटका नाही."

मी विमानात कधी बसलेलो नाही. वजन एकशे एकेचाळीस किलो. वय सत्तावन्न. एवढं लिहून ठेवतो, पुढचं काय ते यावरूनच येणार आहे.

४ सप्टेंबर

तिकीटवाल्या मुलीचा फोन आला. "काका, सीट सांगता का?"

मी म्हणालो, "अठ्ठावन्न."

पलीकडे टकटक ऐकू येत होती. "अठ्ठावन्नावी रांग नाहीये हो या विमानात. बेचाळीसपर्यंतच आहेत."

आमच्या धंद्यात सीट म्हणजे माणसाचा बसायचा घेर. तिच्या धंद्यात खुर्ची. मी तिला हे समजावत बसलो नाही. म्हणालो, मग कडेची कुठलीही द्या. आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं, रुंदी किती असते.

"साडेसतरा इंच. पुरते सगळ्यांना."

बाई समोर काज करत बसल्या होत्या. अठरा वर्षं त्या माझ्याकडे काजबटणाचं काम करतात. सुई थांबली नाही, पण खांदे हलत होते. संध्याकाळी निघताना म्हणाल्या, "येते मी, अठ्ठावन्न नंबर."

५ सप्टेंबर

पँट टेबलावर पसरली की सीटच्या निम्मी तिची रुंदी. अठ्ठावन्नचे निम्मे एकोणतीस. त्यातून साडेसतरा वजा. साडेअकरा इंच जास्त.

एखादा इंच असता तर काही करता आलं असतं. साडेअकरा इंच कापड कुठे दडपता येत नाही. मी तर कापडही नाही.

दुपारभर एका गिऱ्हाइकाच्या पँटची तीच शिवण दोनदा उसवली.

८ सप्टेंबर

सिनेमाच्या थिएटरात गेलो. दुपारचा खेळ, माणसं कमी. खिशात मापाचा फिता. दिवे गेल्यावर खुर्चीचं माप घेतलं: एकोणीस. बसायला गेलो तर अर्ध्यात अडकलो. खाली जाता येईना आणि दोन्ही हातांवर भार टाकल्याशिवाय वर येता येईना. तसाच अर्धा बसलेला, अर्धा उभा असा मध्यंतरापर्यंत राहिलो. मागच्या माणसाने दोनदा सांगितलं, खाली बसा. मी म्हणालो, बसलोच आहे.

सिनेमा काय होता ते आठवत नाही.

तिथे एकोणीस होते. विमानात साडेसतरा.

१० सप्टेंबर

दादाचा फोन. "येताना एक कोट शिवून आण. इथले कोट मला बसत नाहीत. सगळे सैल."

तिकडची माणसं थोराड, मग कोटही थोराडच असणार. म्हणालो, माप आहे माझ्याकडे. अकरा वर्षांपूर्वी आला होता तेव्हाचं. छाती बेचाळीस, कंबर अडतीस.

"जुनं नको. नवीन पाठवतो."

संध्याकाळी मापं आली. छाती चौतीस. कंबर अठ्ठावीस. खाली खांदा, बाही, लांबी वगैरे.

मला हसू आलं. वहिनीने घेतलं असणार. शिंप्याखेरीज कुणीही फिता धरला की हेच होतं, जीव जाईपर्यंत आवळतात. चौतीस छाती दादाची शाळेत असताना होती.

"विचारून घ्या एकदा," बाई म्हणाल्या.

"दादाचं माप मी विचारू? वयाने उतरला असेल एखादा इंच, दोन इंच. चाळीस धरतो."

"धरा बापडे," त्या म्हणाल्या आणि दोऱ्याला मेण लावायला लागल्या.

राखाडी लोकरीचं कापड काढून ठेवलं.

१४ सप्टेंबर

तिकीटवाल्या मुलीकडे जाऊन आलो. बोलायला मोकळी आहे. म्हणाली, कडेच्या खुर्चीचा हात वर होतो, त्याची कळ खाली असते, बहुतेकांना माहीतच नसतं. पट्टा पुरला नाही तर जोड मिळते, मागायची. हवी तर शेजारची खुर्चीही घेता येते. "लाजायचं काय त्यात, काका. रोज कुणी ना कुणी विचारतं."

मी विचारलं, "पट्ट्याची जोड कशी मागायची?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या शब्दांत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पट्ट्याची जोड द्या."

वाटेत हे वाक्य हळू म्हणून पाहिलं. हळू म्हटलं तर ऐकू जाणार नाही. मोठ्याने म्हटलं तर चार रांगा ऐकतील.

विमानातल्या संडासाचंही माप तिने दिलं. दुकानात आल्यावर खडूने जमिनीवर काढला. आत भांडं, कोपऱ्यात हात धुवायचं. आत उभा राहून वळून पाहिलं. वळता येत नाही, पाठमोरंच आत जायला हवं. पाठमोरा तीन वेळा जाऊन आलो. तेवढ्यात शाळेचे हेडमास्तर सदरा न्यायला आले.

"हे काय चाललंय, मास्तर?"

"कपाट करायचंय नवीन."

"आत उभं राहायचं कपाट?"

बाई खाली मान घालून म्हणाल्या, "मोठं गिऱ्हाईक आहे."

१७ सप्टेंबर

डॉक्टरांनी पायांत घालायला घट्ट मोजे लिहून दिले. इतका वेळ एका जागी बसलं की रक्त साकळतं म्हणे. दर दोन तासांनी चालायचं. मी विचारलं, वजन किती उतरवलं म्हणजे बरं. ते म्हणाले, जाण्याआधी घाई नको, आल्यावर पाहू. विमान काय वजन बघून उडत नाही.

हे त्यांना बोलायला सोपं आहे. बारीक माणूस आहे. दोन डॉक्टर बसतील त्या खुर्चीत.

दिवसभर एक गोष्ट धड झाली नाही. कापड हातात घेतो, ठेवतो. दुकानातून रस्त्यावर येतो, परत आत जातो.

१९ सप्टेंबर

तारीख पुढे ढकलली. सव्वीस ऑक्टोबर. पाच आठवड्यांत चार इंच तरी उतरवीन.

वहिनीला फोन केला. त्या म्हणाल्या, "एवढं पुढे, भावजी?"

म्हणालो, कामं अडकली आहेत.

त्या म्हणाल्या, "यांच्याशी बोला." दादाने फोन घेतला. आवाज बसला होता. सर्दी आहे म्हणाला. "सवडीने ये रे. मी कुठे जातोय?"

बरं वाटलं. तो रागावेल असं वाटलं होतं.

२३ सप्टेंबर

सकाळी चालतो. जेवण निम्मं. चिडचिड होते. शिकाऊ असल्यासारखा बोटात सुई टोचून घेतली.

ताटातलं निम्मं बाजूला काढताना एक आठवलं. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा, मी नऊ. जेवायला बसलं की तो आपल्या ताटातलं निम्मं माझ्या ताटात सारायचा. मला भूक नाही म्हणायचा. रोज. मी रोज खायचो. दादाला भूकच कमी, असं मी मोठा होईपर्यंत सगळ्यांना सांगत असे.

म्हणजे मला जाड त्याने केलं आहे. भेटल्यावर त्याला ऐकवीन.

२ ऑक्टोबर

सीट साडेछप्पन्न. दादाला फोनवर सांगितलं, महिन्याच्या आत दीड इंच उतरलो.

"कसं जमवतोस बाबा?" तो म्हणाला. "मला तर काही न करता जमलं."

तो हसला. मीही हसलो. मग त्याला ठसका लागला. ही सर्दी लांबली आहे. वहिनीला म्हणालो, वाफ द्या.

त्या "हो" म्हणाल्या.

५ ऑक्टोबर

साडेछप्पन्नचे निम्मे सव्वाअठ्ठावीस. अजून पावणेअकरा इंच जास्त. या गतीने सव्वीस तारखेला काय होणार?

पुन्हा ढकलली. सोळा नोव्हेंबर. तिकीटवाली मुलगी म्हणाली, "काका, खरंच जायचंय ना तुम्हाला?"

म्हणालो, हो.

वहिनींना फोन करायला नको वाटलं. निरोप लिहून पाठवला. दिवसभर फोनकडे बघत होतो. संध्याकाळी दादाचं उत्तर आलं: ठीक.

एवढंच. तो कधी इतकं थोडं लिहीत नाही. रागावला असेल.

७ ऑक्टोबर

बाईंनी आज माझा हिशेब पाहिला. कपड्याखाली दडपून ठेवलेला कागद होता, त्यांच्या हाती लागला. एकोणतीस, सव्वाअठ्ठावीस, साडेसतरा.

"हे काय आहे?"

सांगितलं. सीटचं निम्मं म्हणजे रुंदी.

बाईंनी सुई उशीत खोचली. अठरा वर्षांत काज अर्धवट टाकून त्या उठल्याचं मी पाहिलं नव्हतं. "मास्तर, तुम्ही काय घडी घातलेली पँट आहात?"

मला कळेना.

"पँट चपटी असते. माणूस चपटा असतो का? पोट कुठे गेलं? पाठ कुठे गेली?"

त्यांनी मला इस्त्रीच्या टेबलावर बसवलं. दोन्ही बाजूंनी कापडाचे दोन ताके उभे केले आणि मला लागेपर्यंत आत सरकवले. मग मला उठवलं आणि दोन ताक्यांमधलं अंतर मोजलं. साडेवीस.

साडेवीस.

त्यांनी पुन्हा मोजलं. साडेवीसच.

"तीन इंच," बाई म्हणाल्या. "तीन इंचांसाठी माणूस पंधरा दिवस उपाशी. इकडून दीड, तिकडून दीड. शेजारचा जरा सरकून बसेल."

चाळीस वर्षं फिता गळ्यात घालून फिरतो आहे. गोल मोजायचं आणि सपाट कापायचं. माणूसही मी सपाटच धरला.

बाई काजाकडे परत गेल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग आता अडचण काय आहे?"

मी म्हणालो, काही नाही.

"मग तारीख अलीकडे घ्या."

"बघतो."

पाहिलं नाही. का, ते माहीत नाही. महिनाभर एकोणतीस इंचांना घाबरत होतो. ते गेले तरी भीती जागच्या जागी आहे. आता तिला माप नाही.

१२ ऑक्टोबर

कोट कापायला घेतला. छाती चाळीस धरून पुढचे दोन्ही भाग आणि पाठ कापली. कापड सुरेख आहे. कात्री आपोआप चालते.

कोट कापत असेपर्यंत अंगात स्वस्थता होती. कात्री ठेवली आणि गेली.

१७ ऑक्टोबर

धड शिवून झालं. पुतळ्यावर चढवून पाहिलं. बाह्या राहिल्या होत्या. उजवी जोडली. डावी कापताना दादाने पाठवलेला आकडा पाहिला. बाही साडेचोवीस. सहज जुनी वही काढली. साडेचोवीस.

खांदा पाहिला. आताचा अठरा, तेव्हाचा अठरा.

लांबी तीस. तेव्हाही तीस.

ज्याला फिता धरता येत नाही त्याची सगळीच मापं चुकतात. ही तीन पाव इंचानेही चुकलेली नव्हती. खांदा तर शिकलेल्या कारागिरालाही नीट घेता येत नाही. वहिनीने तो अचूक घेतला होता.

म्हणजे छातीही अचूक घेतली होती.

उभी मापं हाडांची असतात. हाडं होती तेवढीच आहेत. आडवी मापं गेली आहेत. आठ इंच. दहा इंच.

बाई बघत होत्या. त्यांनी विचारलं नाही. त्यांना कधी कळलं होतं, तेही मी विचारलं नाही.

फोन लावला. दादानेच उचलला.

"छातीचं माप बरोबर आहे?"

तो म्हणाला, "महिन्यापूर्वीचं आहे. आता अजून उतरलं असेल."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. मापं पाठवली होती."

मी जुनी वही मिटली.

"तुझ्या वहिनीला म्हटलं, त्याला सांगायला नको. शिंपी आहे, कळेल त्याला."

मग त्याला ठसका लागला आणि वहिनीने फोन घेतला. "भावजी," त्या म्हणाल्या, "सोळा नोव्हेंबर फार लांब आहे हो." मग रडल्या. ते सांगू देत नव्हते म्हणाल्या. तो विमानाला आधीच घाबरतोय, त्यात हे नको, असं म्हणायचे. डॉक्टरांनी काय सांगितलं आहे तेही त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

मी त्यांना वाफ द्या म्हणालो होतो.

१८ ऑक्टोबर

तिकीटवाली मुलगी कार्यालय उघडायला आली तेव्हा मी पायरीवर उभा होतो. तिने कुलूपही काढलं नव्हतं.

"पहिलं कुठलं मिळेल ते."

तिने आत जाऊन पाहिलं. "वीस तारखेला आहे. पण कडेची नाही, काका. मधलीच आहे. आणि शेजारची पण भरलीये, दोन मिळणार नाहीत."

"चालेल."

"मधली आहे म्हणते मी."

"ऐकलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग काही न विचारता भराभर कामाला लागली. निघताना म्हणाली, पहाटे जाऊन पुढे उभे राहा, कुणी आलं नाही तर बदलून देतात.

दुकानाची किल्ली बाईंना दिली. गिऱ्हाइकांना काय सांगायचं, विचारलं त्यांनी. भावाकडे गेलो आहे म्हणा. कोट पुतळ्यावर तसाच आहे, एका बाहीचा.

"उसवून ठेवू?"

"नको. हात लावू नका."

त्यांनी माझी पिशवी भरली. घट्ट मोजे, औषधं, ही वही. चेष्टा एकही केली नाही. त्यामुळे जास्तच भीती वाटली.

२० ऑक्टोबर

विमानात. मधली खुर्ची.

खिडकीकडे एक शाळकरी वाटणारी मुलगी, कानांत काहीतरी घालून झोपली आहे. कडेला एक वयस्क गृहस्थ. मी रांगेपाशी आलो तेव्हा त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, उठले, मधला हात वर केला आणि म्हणाले, "या. मीही कुठे बारीक आहे?" ते काडीसारखे आहेत.

बसलो. दोन्ही बाजूंनी लागतं. उजव्या मांडीला खुर्चीचा कसलासा लोखंडी भाग रुततो आहे.

पट्टा पुरला नाही. विमानातली मुलगी दूर होती. मी हात वर करून मोठ्याने म्हणालो, "पट्ट्याची जोड द्या." चार नाही, दहा रांगांनी ऐकलं असेल. तिने आणून दिली. पाच आठवडे या वाक्याला घाबरत होतो हे नंतर आठवलं. म्हणताना आठवलं नाही.

नऊ तास झाले. बाकी ज्याची ज्याची तयारी केली होती ते बरंचसं तसंच निघालं. त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही.

फोन इथे चालत नाही. तिकडे आता काय चाललं आहे ते कळायला मार्ग नाही. अठ्ठावीस सप्टेंबरला निघालो असतो तर तीन आठवडे त्याच्याजवळ झाले असते. हा हिशेब पुन्हा पुन्हा करतो आहे. हा चुकत नाही.

वयस्क गृहस्थांनी विचारलं, "कुणाकडे निघालात?"

"मोठ्या भावाकडे."

"वा. वाट बघत असतील."

समोरच्या पडद्यावर लहानसं विमान आहे. ते हलत नाही. मी हलू शकत नाही. पाच तास आहेत.

२१ ऑक्टोबर

वहिनी विमानतळावर आल्या होत्या. मला बघून एवढंच म्हणाल्या, "आहेत." गाडीत बसलो. थेट दवाखान्यात.

खोलीत शिरलो, पलंगाकडे पाहिलं आणि वाटलं रिकामा आहे. चादर जवळजवळ सपाट होती.

मग तिच्यातून आवाज आला. "दार पुरलं का रे, गब्दू?"

"आडवा होऊन आलो."

"मावलास विमानात?"

"नाही मावलो. तरी आलो."

तो हसला. हसताना आवाज होत नाही आता. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि त्याला ते कळत होतं. "माप घेऊन झालं का?" तो म्हणाला. मी डोळे दुसरीकडे केले. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो. माफी मागायची होती. सुरुवात केली, "दादा, मी तारीख..."

"पाय बघ सुजलेत किती," तो म्हणाला. "बस आधी."

खोलीत एकच खुर्ची होती, हातांची, चिंचोळी. मी तिच्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं.

"इथे बस."

"पलंग मोडेल."

"मोडू दे. दवाखान्याचा आहे."

वहिनी म्हणाल्या, "अहो, हाताला नळी आहे तुमच्या..." त्याने लक्ष दिलं नाही. तो भिंतीकडे सरकायला लागला. वेळ लागला. दोनदा थांबला. मदत करू दिली नाही. मग हाताने चादर थोपटली.

बसलो. पलंग करकरला, टिकला. गादी माझ्या बाजूने खचली आणि तो तिच्याबरोबर घरंगळत येऊन माझ्या अंगाला लागला. सगळाच्या सगळा. सतरंजीची गुंडाळी येऊन टेकावी तसा.

मी घाबरून उठायला लागलो.

"राहू दे," तो म्हणाला. "ऊब आहे."

वहिनी खुर्चीत बसल्या आहेत. थोड्या वेळापूर्वी त्यांनी पिशवीतून ही वही काढून दिली. एका हाताने लिहितो आहे, अक्षर वाकडं येतं. दुसरा हात त्याच्या पाठीखाली अडकला आहे आणि मुंग्या आल्या आहेत. काढता येईल. पण त्याला आत्ताच झोप लागली आहे.